वळणावरचे हुलगे

मी एक जुनी नोंदवही आहे. मित्रांनो, माझ्या पोटात सात वर्षे एक पत्र पडून होते. ज्यांना ते आले, त्या शिवनंजप्पांनी उत्तर दिले नाही. मीही त्यांना सुखाने बसू दिले नाही. हे मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

कर्नाटकातल्या मंड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात माझे आयुष्य गेले. शिवनंजप्पा तिथले कारकून. अक्षर सुरेख, स्वभाव भित्रा. रस्त्यावर पडून कुणी आले की नाव, वय, जखम लिहीत आणि कारणाच्या रकान्यात शिक्का उठवीत : 'स्वतःचा निष्काळजीपणा'. तो मला डागणीसारखा लागे.

आमच्याकडे हुलगे काढले की झाडे डांबरी रस्त्यावर पसरतात. गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, मळणी होते. एका जानेवारीत अंगणवाडीच्या पुट्टलक्ष्मीची स्कूटर त्या झाडांवरून वळणावर घसरली. ती वाचली नाही. ते हुलगे शिवनंजप्पांच्या घरचे होते. सकाळी त्यांनीच पसरले होते. तरी त्यांनी शिक्का उठवलाच.

महिन्याने परगावाहून तिच्या आईचे, केंपम्माचे, पत्र आले. "स्वामी, माझी पोरगी गाडी जपून चालवायची. रस्त्यावर काय होतं? कुणाचं होतं? मला फक्त नाव सांगा. रोज शिव्याशाप द्यायला नाव तरी हवं ना?"

ते त्यांनी माझ्यात दडवले. त्याच दिवशी मी सूड घ्यायचे ठरवले. वहीच्या हातात असते तरी काय? त्यांनी कुठलेही पान काढायला घेतले, की मी पत्राच्या पानावरच उघडत असे. सात वर्षे. त्यांचा चेहरा उतरला की मला बरे वाटे.

मग नव्या डॉक्टर नागवेणी आल्या. मला चाळून म्हणाल्या, "अप्पा, ही सगळी माणसं जानेवारीतच कशी हो निष्काळजी होतात? ताप आला की आपण डासांचं डबकं शोधतो. मग इथे जागा का नाही शोधत?"

त्यांनी ठिकाणाचा रकाना आखला. शिवनंजप्पांनी तो आठवून आठवून भरला. सात वर्षांत जानेवारीत एकतीस माणसे पडली होती, त्यातली बावीस त्या एका वळणावर.

रस्त्यावरची मळणी थांबवा, असे सांगत डॉक्टरांनी पंचायतीत मला टेबलावर ठेवले. गावचा एक शेतकरी, सिद्देगौडा, ओरडला, "फुकटात मळणी होते, तर तुमच्या का पोटात दुखतं? आणि अप्पा, तुमचे हुलगे काय आभाळात मळता?"

सगळे हसले. मी टपूनच होते. शिवनंजप्पांनी मला उघडले, आणि पत्र सर्वांसमोर खाली पडले. त्यांनी ते उचलले.

"आभाळात नाही, गौडा. त्याच वळणावर. पुट्टलक्ष्मी माझ्याच हुलग्यांवरून घसरली."

त्यांनी पत्र पुन्हा माझ्यात ठेवले.

"वळणालगतचं माझं शेत घ्या. सगळ्यांचं खळं तिथे करा."

खळे झाले. पुढच्या जानेवारीत त्या वळणावरून दवाखान्यात कुणीही आले नाही. शिक्का तर डॉक्टरांनी केव्हाच फेकून दिला होता. मित्रांनो, कुणी पडले तर आधी त्याची चूक शोधू नका. पायाखालचा रस्ता पाहा.

पण मी शिवनंजप्पांना सोडले नव्हते. पुन्हा त्याच पानावर उघडले. या वेळी त्यांनी लेखणी घेतली.

"केंपम्मा, तुमच्या मुलीची चूक नव्हती. हुलगे माझे होते. नाव शिवनंजप्पा. पत्ता खाली दिला आहे."

समोरच्या लाल टपालपेटीत ते उत्तर पडल्याचा आवाज मी खिडकीतून ऐकला.