तीन बोटांचं रक्त

पुलाच्या कामावर त्याला सगळे पैलवान म्हणत. सळ्या बांधणारा गडी. ताप कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून नर्सबाई बोटातून रक्त घ्यायला आल्या आणि मेहुण्याची नि सुताराची पाचावर धारण बसली, तेव्हा त्याला हसूच आलं. रक्तात हिवताप निघाला तर मुकादम घरी धाडतो, अशी पत्र्याच्या खोल्यांतून आवई उठली होती.

"आणा इकडे तुमची हजेरीची कार्डं," पैलवान म्हणाला. "माझ्या रक्तात काय निघणार, डोंबल!"

सिमेंटनं सगळ्यांचीच तोंडं राखाडी. तो तीनदा रांगेत उभा राहिला: एकदा हेल्मेट घालून, एकदा काढून, एकदा मेहुण्याचा शर्ट चढवून. तीन बोटं टोचून घेतली आणि वर बायकोकडे फुशारकी मारली. तिला सातवा लागला होता.

"तू कशाला टोचून घेतेस? मी ठणठणीत, तर तूही ठणठणीत."

तिनं मान डोलावली. असल्या शहाणपणावर विश्वास ठेवायला बायकोच हवी.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पैलवान पुलाच्या सावलीत आडवा झाला. डोळे जड झाले तसा वरचा पूल हळूहळू झुलायला लागला. मिक्सरची घरघर लांब, फार लांब गेली. त्या गुंगीतच बाईंचा आवाज कानावर आला.

"चाळीस जणांत तिघांच्या रक्तात हिवताप निघालाय. पैलवान, त्यांचा मेहुणा आणि सुतार. घाबरू नका, कुणाला काढणार नाहीत, मुकादमांशी बोललेय मी. गोळ्या घ्यायच्या, झालं."

"पण मला काहीच होत नाहीये हो," सुतार रडकुंडीला आला.

"तीच तर गोम आहे. काहींना ताप येतच नाही. जंतू रक्तात मुक्काम ठोकतात, आणि डास चावला की त्याच्यासोबत शेजारच्याकडे जातात. शेजारी पोटुशी बाई असली, तर तिच्या जिवावर बेततं. बाळाच्याही."

पैलवान पडूनच राहिला. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला स्वतःचं शरीर आतून दिसत होतं. लांबच लांब लाल गल्ल्या, दिवे मालवलेल्या खोल्या, आणि खोलीखोलीत बिनभाड्याचे पाहुणे गाढ झोपलेले. सुताराच्या नावाचा थेंब इथलाच. मेहुण्याच्याही. मग एका खोलीचं दार उघडलं. त्यातला एक उठला आणि पावलं न वाजवता त्याच्या बायकोच्या अंथरुणाकडे निघाला.

पैलवान ताडकन उठला. बाईंसमोर त्यानं तीन बोटं धरली.

"बाई, ते तिघंही मीच."

बाईंनी त्याला जे सुनावलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. मेहुणा आणि सुतार मुकाट्यानं आपापली बोटं पुढे करून उभे राहिले. पैलवान खोलीत गेला आणि बायकोला हाताला धरून घेऊन आला.

"तुम्हीच तर नको म्हणाला होतात," ती म्हणाली.

"अक्कल गहाण ठेवली होती माझी."

तिचं बोट त्यानं आपल्या पंज्यात धरलं. सुई टोचली, काचेवर थेंब उतरला.

"उत्तर कधी?" त्यानं विचारलं.

"चार दिवसांनी."

भर उन्हात पैलवानाला कापरं भरलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"अगं बाई, ताप आला की काय तुम्हाला?" बायकोनं घाईनं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.