मी, कुलूपबंद झालेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप बोलतोय. जुना म्हणा, राग नाही. भंगार म्हणू नका.

जन्म कारखान्यातला. कोणी स्क्रू पिळले, कोणी पुसून खोक्यात घातलं. लाड झाले नाहीत. पहिली नोकरी विम्याच्या कचेरीत. तिथल्या साहेबाने माझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्याच कपाळावर चिकटवला होता. दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच अडकवायची, तसला कारभार. मी काय बोलणार? पुढे नवी यंत्रं आली आणि आमची रवानगी जुन्या मालाच्या दुकानात झाली.

तिथून मला एका मुलीने घेतलं. दातांच्या दवाखान्यात ती फोन उचलायची, नावं नोंदवायची. एकदा दवाखान्याचे संगणक कोणीतरी बाहेरून बंद पाडले. माणसं गाल धरून बसली आणि कोणाची माहिती सापडेना. ते निस्तरायला एक बाई आली. आरडाओरडा न करता तिने सगळं मार्गी लावलं. त्या दिवसापासून मुलीने मनात घेतलं, हेच काम शिकायचं. सायबर सुरक्षा.

घरात तिचे वडील आणि आत्या. वडील जन्मभर कारखान्यात लेथवर लोखंड कापत उभे राहिलेले. बोलणं कमी, पण धारदार.

"चोर पकडायचे तर पोलिसात जा," ते म्हणाले. "खुर्चीत बसून कसले चोर पकडणार?"

"बाबा, पकडायचे नाहीत. आत येऊ द्यायचे नाहीत."

"म्हणजे वॉचमन."

"हो. वॉचमनच."

"मग शिट्टीही घे एक," आत्या आतून म्हणाली.

कामावरून आली की मुलगी मला उघडून बसायची. माझ्या पोटात तिने दोन खोटे संगणक बसवले. एकाने दुसऱ्यावर हल्ला करायचा आणि तिने मागचे ठसे तपासून तो कसा झाला ते शोधायचं. परक्याच्या संगणकाला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम. म्हणून सगळी मारामारी माझ्याच पोटात. सुरुवातीला तिला काही म्हणजे काही यायचं नाही. एक टिंब चुकलं की संध्याकाळ पाण्यात. रडली नाही असं मी म्हणणार नाही. पण उठली नाही. मला अशी माणसं पटतात.

रोज एक छोटी डिस्क जोडून ती कामाची प्रत काढायची. आधी वायर जोडायची, मग माझं झाकण उघडायचं. काम झालं की डिस्क परत कपाटात. हे कधी चुकलं नाही.

चूक झाली ती वेगळीच. लोक खोट्या मेलला कसे भुलतात, हे ती शिकत होती. तशी एक मेल बनवून तिने वडिलांना पाठवली. 'तुमचं पार्सल अडकलं आहे, इथे दाबा.' वडिलांनी दाबलं. फोनवर अक्षरं उमटली, 'फसलात!' मुलगी टाळ्या पिटत हसली.

"दादा, तुला पार्सल कोण पाठवणार रे?" आत्या म्हणाली. "शेजारी विरजणसुद्धा देत नाहीत!"

वडिलांनी फोन उपडा ठेवला. "माझ्यावर प्रयोग करतेस?" एवढंच बोलले. मला तेव्हाच ते हसणं आवडलं नव्हतं.

मग एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. शिकाऊ जागा. केलेलं काम दाखवायचं होतं, आणि ते सगळं माझ्याकडे होतं.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी वडिलांनी मला उघडलं. ते माझ्यावर यंत्रांचे व्हिडिओ बघायचे. त्यांच्यासाठी वेगळं दार, म्हणजे वेगळं खातं, करून देणं मुलीकडून राहून गेलं होतं. त्या दिवशी त्यांच्या मेलवर कारखान्यातल्या जुन्या मित्राच्या नावाने एक फाइल आली होती. 'आपले सगळ्यांचे फोटो.' त्यांनी ती उघडली.

मला लगेच कळलं. आत कोणीतरी शिरलं आणि एकेका फाइलला कुलूप ठोकत सुटलं. मी पंखा गरगरा फिरवला. माझ्या हाती तेवढंच. शेवटी पडदा लाल झाला. किल्ली हवी तर पैसे टाका.

वडिलांनी झाकण मिटलं. उघडलं. पुन्हा मिटलं.

"काय झालं रे दादा?"

"काही नाही. गरम झालाय."

आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. मुलगी येणार, सवयीने डिस्क जोडणार, आणि कुलूपवाला डिस्कवरही झडप घालणार. तिच्या कामाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

संध्याकाळी ती आली. थेट कपाटातून डिस्क काढली.

"आधी पाणी तरी पी," आत्या म्हणाली.

"उद्याचं आवरते आधी."

वायरचं टोक माझ्या कुशीला टेकलं.

"थांब."

वडील वळले नाहीत. "जोडू नकोस ते. माझ्या हातून काहीतरी झालंय. दुपारी फाइल उघडली. पडदा लाल झाला." मग म्हणाले, "हसायचं तर हसून घे."

ती हसली नाही. डिस्क उचलून कपाटात ठेवली. इंटरनेटच्या डबीची वायर उपटली. मग खिडकीशी गेली.

"बाबा, बोललात म्हणून वाचलं."

"घालवलं तर मीच ना?"

"तुम्ही दुपारपासून गप्प का राहिलात, ते मला कळतंय. त्या दिवशी मी हसायला नको होतं."

"मीही हसले होते, दादा," आत्या म्हणाली.

"तुझं काय, तू जन्मभर हसतेस."

मला संपूर्ण पुसून कोरं केलं. मग हे सगळं कसं आठवतं, विचाराल. काही गोष्टी बिजागरीत राहतात. मुलीने रातोरात मला नव्याने उभं केलं आणि हल्ल्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं काम डिस्कवरून परत आणलं. वडिलांना वेगळं दार मिळालं. त्याचा पासवर्ड त्यांनी तिलाही सांगितला नाही. ती खूश झाली.

मुलाखतीला मी सोबत होतो. समोरच्या बाईंनी दोन अवघड प्रश्न विचारले. मुलगी सरळ म्हणाली, "माहीत नाही." मग बाईंनी विचारलं, "आमच्यातल्या कोणी नको ती फाइल उघडली, तर पहिलं काय कराल?"

"ओरडणार नाही."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"त्याने सांगितलं तरच मला कळणार ना, कुठली वायर काढायची ते."

जागा तिला मिळाली.

कंपनीने तिला नवा लॅपटॉप दिला. मी आता वडिलांचा. परवा त्याच मित्राच्या नावाने पुन्हा मेल आली. वडिलांनी आधी फोन लावला.

"फोटो तूच पाठवलेस का? नीट सांग... शिव्या नंतर दे, आधी हो की नाही ते बोल."

मेल खरंच त्याची निघाली. त्यांनी फाइल उघडली. लेथच्या रांगेपुढे उभी तरुण माणसं. मुलगी कामावरून आली ती तशीच माझ्यावर वाकली. "यातले तुम्ही कुठले, बाबा?"

मघाशी दाराच्या कडीला तेल घातलेलं बोट वडिलांनी एका चेहऱ्यावर ठेवलं. माझ्या पडद्यावर तेलाचा ठसा उमटला. कोणी पुसलेला नाही. तुम्हीही पुसू नका. आणि तुमच्या घरात कोणी 'थांब' म्हणालं, तर हसण्याआधी त्याचं ऐकून घ्या. एवढं सांगितलं. आता झाकण मिटतो.