डागाची जुनी आवृत्ती

डॉक्टरीणबाईंचे मागणे साधे होते. दादांच्या धाकट्या बहिणीच्या डाव्या गालावर, नाकपुडीच्या कडेला जो काळसर डाग होता, तो पूर्वी केवढा होता हे त्यांना पाहायचे होते. डाग जन्मापासूनचा, पण अलीकडे त्याची कड त्यांना वेडीवाकडी वाटली होती.

"जुने फोटो आणा, चांगले मोठे," त्या म्हणाल्या होत्या. "तेव्हाही एवढाच असेल तर नुसतं लक्ष ठेवू. वाढला असेल तर कापून तपासायला पाठवू. आणि फोटोच नसतील, तर मी धोका पत्करणार नाही. कापायचाच."

"फोटोंना काय तोटा?" बहीण हसली होती. "माझा भाऊ फोटोवाला आहे."

हे खरेच होते. दादांचे आयुष्य एका स्टुडिओच्या मागल्या खोलीत, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहरे निर्मळ करण्यात गेले. मुरुमांचे खड्डे, डोळ्यांखालची वर्तुळे, जागरणाचा शीण, सारे त्या पेन्सिलीच्या टोकाखाली विरघळून जाई. स्टुडिओ बंद झाल्यावर तीच साधना त्यांनी घरच्या संगणकावर चालू ठेवली. बहिणीने लहान घरात बिऱ्हाड हलवले, तेव्हा तिचे सगळे कागदी फोटो त्यांनीच मागून आणले, स्कॅन केले, आणि ओल लागून एकमेकांना चिकटलेले ते गठ्ठे टाकून द्यायलाही त्यांनीच लावले. "कागद कुजतो गं. संगणक कुजत नाही."

आता ती बाहेर स्वयंपाकघरात वहिनीशी बोलत बसली होती, आणि दादा आतल्या खोलीत एकेक फोटो उघडत होते. शाळेच्या गणवेशातली बहीण. पहिल्या पगाराच्या दिवशीची बहीण. नवऱ्याशेजारी अवघडून उभी राहिलेली बहीण. प्रत्येक फोटोत डावा गाल धुतल्या काचेसारखा स्वच्छ होता.

त्यात नवल नव्हते. डाग त्यांनीच काढला होता. त्यांना चिंताही वाटली नाही, कारण फोटोंची राखण त्यांनी बॅकअपच्या सॉफ्टवेअरकडे सोपवली होती. फाइल बदलून जतन केली, की ते तिचे आधीचे रूप बाजूला सांभाळून ठेवी.

ही सोय दादांना पहिल्यापासून खटकली होती. स्टुडिओचा दंडक असा, की काम पुरे होईतो निगेटिव्ह गिऱ्हाइकाला दाखवू नये, आणि पुरे झाल्यावर मूळ कसे होते याची आठवणही राहू देऊ नये. येथे तर कुणीही एका क्लिकसरशी मूळ चेहरा उकरून काढू शकत होता. ज्याचे शुद्ध रूप सिद्ध झाले, त्याच्या अशुद्ध रूपाला घरात थारा कशाला, असे म्हणून त्यांनी सेटिंग उघडले होते, आणि 'जुन्या आवृत्त्या किती ठेवायच्या' या ओळीपुढचे 'सर्व' बदलून 'एक' केले होते. जास्तीच्या आवृत्त्या कायमच्या काढल्या जातील, पुढे जायचे का, असे सॉफ्टवेअरने अदबीने विचारले होते. दादांनी 'होय' म्हटले होते, आणि नुकत्याच झाडलेल्या अंगणाकडे पाहावे तशा समाधानाने पडद्याकडे पाहिले होते.

एक तर ठेवली आहे ना, या भरवशावर त्यांनी आता पहिल्या पगाराच्या फोटोची जुनी आवृत्ती उघडली.

गाल तेथेही स्वच्छ होता. फक्त उजेड किंचित मंद.

दादांना क्षणभर अर्थ लागला नाही, आणि मग लागला. डाग काढून फाइल पहिल्यांदा जतन केली, तेव्हा मूळ फोटो जुनी आवृत्ती म्हणून शिल्लक होता. पुढे केव्हातरी त्यांनी हनुवटीखालची सावली थोडी उजळली आणि पुन्हा जतन केले. त्यासरशी डाग काढलेला फोटो जुना ठरला, आणि मूळ फोटो दाराबाहेर गेला. एका हातात समाधान मानणे त्यांच्या धर्मात नव्हते. म्हणून एकही फोटो असा उरला नव्हता, ज्यावरून त्यांनी दुसरा हात फिरवला नव्हता.

"अहो, सापडतंय का काही?" बाहेरून पत्नीचा आवाज आला. "की तिथेच समाधी लागली?"

"बघतोय," दादा म्हणाले.

"वहिनी, त्याला हाक मारू नकोस," बहीण म्हणाली. "फोटो बघताना त्याला हाक मारली की लहानपणीसुद्धा अंगावर यायचा. ओळखपत्रावरचा आहे माझ्याकडे, पण त्यात आख्खी मीच तिळाएवढी!"

दोघी हसल्या. दादांनी खोलीचे दार हलकेच लोटून घेतले, आणि लोटताना स्वतःचीच चोरी आपण पाहिली असे त्यांना वाटले.

यानंतर त्यांनी जे आरंभले, ते ठरवून आरंभले असे म्हणणे अन्यायाचे होईल. हात सवयीने ब्रशकडे गेला. जे काढता येते ते घालताही येते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी गालावर रंगाचा ठिपका ठेवला, कड मऊ केली, कातडीचे कण त्यावर उतरवले. काम उत्तम साधत होते. मात्र आकारापाशी ते अडले. तो चेहरा त्यांनी जन्मभर पाहिला होता, पण डागाकडे पाहिले ते केवळ त्याला नाहीसे करण्यापुरते. तो केवढा होता हे त्यांना आठवेना. तेव्हा आज आहे तेवढाच त्यांनी काढला. म्हणजे सुरी टळेल, एवढाच विचार मनात होता.

दार उघडले. चहाचा कप घेऊन बहीण आत आली आणि पडदा पाहताच कप तिने टेबलावर टेकवला.

"सापडला!" ती जवळजवळ ओरडली. "वहिनी, ये बघ! अगं, तेव्हाही एवढाच होता. दादा, बघ ना, तंतोतंत एवढाच! देवा रे, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझ्या." आणि तिने पदराने डोळे टिपले.

दादांनी आयुष्यात पुष्कळ चेहरे उजळले होते, पण कोणताही चेहरा असा उजळताना पाहिला नव्हता. हा उजेड आपण खोटेपणाने लावला आहे, आणि डाग खरोखरच वाढला असेल तर याच उजेडात ती निश्चिंतपणे घरी बसून राहील, हे त्यांना त्या क्षणी इतके स्पष्ट दिसले, की मान वर करवेना.

"धाकटे," ते म्हणाले, "हा खरा नाही."

"म्हणजे?"

"आत्ता काढलाय. मी. खरे फोटो नाहीत."

"नाहीत कसे? तूच म्हणालास ना, संगणक कुजत नाही?"

"कुजला नाही. मीच मूळ फोटो टिकू दिले नाहीत." आणि सेटिंग उघडून, 'एक' या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी तिला सर्व सांगितले. सांगताना ते पडद्याकडेच पाहत होते.

पत्नी दारात येऊन उभी राहिली होती. "करायला गेले गणपती आणि झाला मारुती," ती पुटपुटली.

बहिणीने एक फोटो उघडायला लावला, मग दुसरा, मग लग्नाचा. "मला वाटायचं, उजेडाने दिसत नसेल," ती सावकाश म्हणाली. "मी कधी काढ म्हटलं होतं का रे तुला?"

"नाही."

"मग?"

दादांपाशी उत्तर होते. ते त्यांच्या साऱ्या धंद्याचे उत्तर होते. पण या खोलीत ते उच्चारण्याजोगे उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते तिच्याबरोबर गेले आणि, तिने बोलू नकोस म्हणून खुणावले तरी, डॉक्टरीणबाईंना त्यांनी सारे आपल्या तोंडाने सांगितले. बाईंनी रागावण्यात वेळ घालवला नाही. "मग कापायचा," त्या म्हणाल्या. "कदाचित गरज नसेलही. पण मला आता ते कळायला मार्ग नाही. टाके पडतील, व्रण राहील." त्यांनी भुलीच्या सुईची तयारी करायला सांगितली आणि दोघांना बाहेर बसवले.

बाकावर बसल्यावर बहिणीने पर्समधून फोन काढून भावाच्या हातात दिला.

"काढ एक. थोड्या वेळाने हा नसेल."

दादा उठले. तिला खिडकीच्या बाजूला वळवून त्यांनी फोटो काढला आणि फोन तिच्याकडे परत दिला. बोटांनी चित्र मोठे करून ती गालाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"बरा दिसतो की रे," ती म्हणाली. "तुला एवढं काय खुपत होतं?"

आतून हाक आली. फोन त्यांच्या हाती ठेवून ती उठली, आणि दादा पडद्यावरचा तो डाग पाहत उभेच राहिले.