रिकाम्या नळीतला पारा

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. स्पेक्ट्रोमीटरवरची मोजणी : एक हजार चारशे बारा.

नरेंद्र उपासनींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता. नळीत त्या वेळी मातीचा कणही नव्हता. नुसता शुद्ध नायट्रोजन वाहत होता. काचेच्या नळीच्या एका टोकाला विजेने वायू चेतवायचा. तो पुढे वाहत गेला की वीज मागे राहते, वायू मात्र पिवळसर उजळत राहतो. या आफ्टरग्लोमध्ये एखाद्या धातूची वाफ लेशमात्र मिसळली, तरी ती आपल्या ठरलेल्या तरंगलांबीवर चमकून चुगली करते. २५३.७ नॅनोमीटरवर चुगली करतो तो पारा. माती नसताना पारा कुठून आला, हा खरा प्रश्न. पण उपासनींच्या मनात ‘कुठून’चं ‘कुणी’ व्हायला फार वेळ लागला नाही.

लखनौच्या त्या संशोधनसंस्थेत ते उपकरणांचे प्रमुख होते. कराडच्या तंत्रनिकेतनातली पदविका आणि अडतीस वर्षांची नोकरी गाठीशी होती. आणि पणाला लागली होती ती मृणाल देगलूरकरची पीएच.डी. शहराच्या कडेला चिनहटकडे जुन्या ट्यूबलाइटा फोडणारं एक भंगाराचं गोदाम होतं. त्याच्या आसपासच्या मातीत किती पारा मुरला आहे, हे ती मोजत होती. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत किमान तीस विश्वासार्ह मोजमापं समितीपुढे ठेवायची होती. मुदतवाढ शेवटची, आणि मोजमापांवर सही हवी उपासनींची. रिकाम्या नळीतच पारा निघत असेल, तर मातीतला कोणता आणि नळीतला कोणता, हे कोण सांगणार?

पहिला संशय सिद्धेशवर गेला. तो त्याच उपकरणावर काम करणारा दुसरा विद्यार्थी. फौजेतल्या सुभेदाराचा मुलगा, छावणीत वाढलेला. मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत. उपकरणाच्या वेळेवरून जानेवारीत त्याचं आणि मृणालचं चांगलंच वाजलं होतं. दुसरा संशय खुद्द मृणालवर. पारा जितका जास्त, तितका प्रबंध देखणा. शिवाय मागच्या नोंदी पाहता ही रेषा सकाळी ठसठशीत असे आणि दुपारपर्यंत विरून जाई. जणू कुणी आदल्या संध्याकाळी आपलं काम उरकून ठेवत होतं.

त्या दिवशी घरी जाताना उपासनींनी प्रयोगशाळेच्या दोन्ही किल्ल्या खिशात घातल्या आणि दाराच्या फटीवर स्वतःच्या सहीची कागदी पट्टी चिकटवली. मंगळवारी पट्टी शाबूत होती. रेषाही शाबूत होती. बुधवारी त्यांनी नायट्रोजनचं सिलिंडर बदललं, तरी फरक पडला नाही.

पट्टी बघून सिद्धेश म्हणाला, “काका, अब एक ताला मुझपे भी लगा दीजिए। चाबी आप ही रखिएगा।”

उपासनी हसले नाहीत. ते दोघांच्या हातांकडे बघायला लागले होते. दुपारी चहाच्या टपरीवर मृणाल आणि सिद्धेश डोकी जवळ आणून काहीतरी बोलत होते. उपासनी दिसताच दोघं गप्प झाले. महिन्यापूर्वी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांची अशी गट्टी जमावी, हे त्यांना अजिबात रुचलं नाही. लखनौच्या महानगर वस्तीतल्या घरी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. एकटा नाही, दोघं मिळून करताहेत.

गुरुवारी त्यांनी चोर पकडायची मांडणी केली. बाहेर धुकं इतकं होतं, की समोरचा निंब दिसत नव्हता. दोघांना साडेआठलाच बोलावून त्यांनी भिंतीकडच्या स्टुलांवर बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितलं, आणि सगळं काम एकट्याने केलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर रेषा उभी राहिली, नेहमीइतकीच उंच.

“पाहिलंत?” उपासनी म्हणाले. “कुणी हात लावला नाही, तरी आली.”

“हाँ काका, किसी ने हाथ नहीं लगाया,” सिद्धेश शांतपणे म्हणाला. “सिवाय आपके।”

उपासनींचे कान तापले. त्याला काय सुचवायचंय, असं त्यांनी विचारलं. उत्तर दिलं मृणालने.

“काका, जानेवारीत तुम्ही साताऱ्याला लग्नाला गेला होतात ना, ते दोन दिवस रिकामी नळी स्वच्छ होती. आम्ही तेच बोलत होतो. तुमच्यासमोर काढायचा धीर होत नव्हता.”

“म्हणजे मी पारा घालतो, असं वाटतं तुला?”

“वाटत होतं,” ती खाली न बघता म्हणाली. “मला वाटलं, मी इथे नकोय तुम्हाला.”

उपासनी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “मी आत्ता काय काय केलं, ते क्रमाने सांग. मला वाचवायला जाऊ नकोस.”

ती सांगू लागली. आधी पंप सुरू केलात. वीस मिनिटं थांबलात. जुन्या मॅक्लिऑड गेजची तोटी उघडून निर्वात किती झालंय ते वाचलंत, तोटी बंद केलीत. नऊला द्रव नायट्रोजनचा कॅन आल्यावर कोल्ड ट्रॅप भरलात—

“थांब,” उपासनी म्हणाले.

मॅक्लिऑड गेज म्हणजे पाऱ्यावर चालणारा काचेचा दाबमापक. शेजारी डिजिटल मापक होता, पण त्यांचा भरवसा काचेवर. गेज आणि नळी यांच्यामध्ये असतो तो ट्रॅप, वाफा गोठवून अडवणारा. तो थंड असला की पाऱ्याची वाफ त्याच्याकडे धाव घेते आणि गेज कमी दाब दाखवतो. म्हणून वाचन घ्यावं ते ट्रॅप थंड करण्याआधी. कॉलेजात शिकवलेलं हे त्यांनी एकदाही मोडलं नव्हतं. म्हणजे रोज सकाळी तोटी उघडी, वाट उबदार, आणि पारा बिनअडथळा नळीत जाऊन काचेला चिकटत होता. दिवसभर प्रयोग चालले की तो निघून जाई. रजेच्या दिवसांत मुलांनी डिजिटल मापकावर भागवलं होतं. वाचन अडतीस वर्षं अचूकच होतं. एवढंच, की त्या वर्षांत या नळीत पारा कुणी शोधत नव्हतं.

समितीला पाठवायच्या टिपणात ‘कारण अज्ञात’ असं लिहून तोटी कायमची बंद करता आली असती. पण मग बोट मृणालकडेच वळलं असतं. उपासनींनी कारण लिहिलं, आणि त्यापुढे स्वतःचं नाव. मग गेज काढून नळीकडे जाणारं ते तोंड काच वितळवून झाळून टाकलं. शुक्रवारी रेषेच्या जागी पार्श्वभूमीची बारीक थरथर तेवढी उरली होती.

प्रत्येक नमुन्याआधी रिकाम्या नळीची मोजणी घेतलेली असल्यामुळे निवड सोपी गेली. दुपारची बावीस मोजमापं टिकली, सकाळची बाद झाली. बाद झालेल्यांपैकी नऊ नमुन्यांचीच माती शिल्लक होती. ती पुन्हा मोजताना मृणाल रोज सकाळी बसण्याआधी झाळलेल्या तोंडावरून बोट फिरवून बघे. उपासनी ते बघत, आणि तिला अडवत नसत.

समितीने ग्राह्य धरलेली मोजमापं : एकतीस.