मामा झाला शेजारी

हे लिहायचंच नाही असं जवळजवळ ठरलं होतं. इद्रिसची फजिती ती, आणि इद्रिस आपलाच माणूस. पण राहवलं नाही.

कादुगली शहरात तो इद्रिस. डोंगरातल्या, अरब नसलेल्या लोकांच्या गावात तिया, म्हणजे तिसरा मुलगा. बाप कुकू लवकर गेला, वाढवलं तुतूमामाने. तिकडे तसंही पोर आईच्या कुळाचं, मामाच्या घरचं. पण इद्रिसला लग्न करायचं होतं रुकय्याशी, आणि तिच्या बापाला, हाज बशीरला, जावई अरब हवा होता. मग इद्रिसने मेलेल्या बापाचा इब्राहिम केला. आजा हसन, पणजा अब्दुल्ला. पंधरा दिवस नुसतं पाठांतर. त्याचा मित्र कोडी ऐकायचा आणि म्हणायचा, "पणजा परवा अहमद होता ना रे? बदलला का?"

निकाहाला मामा लॉरीतून आला, उसना पांढरा झगा घालून. नेमका समोरच चटईवर बसला.

काझीने विचारलं, "पोरा, कुणाच्या घरचा तू?"

लहानपणापासून या प्रश्नाला एकच उत्तर. तोंडातून गेलंच, "तुतूच्या."

काझीने हाज बशीरकडे बघितलं.

"तुतू कोण?" हाज बशीर म्हणाला. "अरबाचं नाही हे नाव."

इद्रिस पेचात सापडला. खरं बोलावं तर रुकय्या जाते. खोटं बोलावं तर मामा समोर बसलाय.

मामाच बोलला. "मी तुतू, हाजसाहेब. गावाकडचा शेजारी. बाप गेल्यावर हा माझ्याकडे जेवायचा, म्हणून तोंडात बसलंय. लिहा तुम्ही, इब्राहिमचा मुलगा."

"असं आहे का?" हाजने इद्रिसकडे बघितलं.

इद्रिसने होय म्हणून मान हलवली.

निकाह लागला. मामा मागच्या रांगेत, अनोळखी पाहुण्यांत बसून जेवला.

संध्याकाळी कोडीने इद्रिसला अंगणात गाठलं. "मुबारक, इब्राहिमच्या मुला. त्या शेजाऱ्याचं अंथरूण कुठे घालू? घरच्यांत की बाहेर?"

"टोमणे मारू नकोस."

"मारणार. सकाळी लॉरी सुटते. तो काही बोलणार नाही, बसेल आणि जाईल."

"आणि हाजने पोरगी परत नेली तर?"

"नेईलही. मी काय सांगू?"

इद्रिसने नव्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"आत घाल अंथरूण," तो म्हणाला. "सकाळी लॉरीच्या आधी हाजला चहाला बोलावतो. मामाच्या शेजारी बसून सांगतो, हा माझा मामा, मी ह्याच्याच घरचा. शब्द देतो तुला, कोडी."