पाणी पिणारा जिराफ

“इंजिन बंद कर रे ओंकार. गाडी थरथरता, फोटो हलतलो.”

माझ्या नवऱ्याने इंजिन बंद केलं. समोर पाणवठा होता आणि पलीकडच्या काठावर एक जिराफ. बराच वेळ तो नुसताच घुटमळत होता. पाण्याकडे यायचा, थांबायचा, पुन्हा डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा. बाबांनी खिडकीच्या काचेवर कोपर टेकवलं होतं आणि डोळा कॅमेऱ्याला लावला होता.

“पितलो मां गो?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“माहीत नाही, बाबा. त्याला बरंचसं पाणी पानांतूनच मिळतं. रोज प्यायलाच हवं असं नसतं.”

“तुझ्या बीएस्सीतला नको सांगू. पितलो काय ता सांग.”

नैरोबीहून आम्ही बाबांना जंगल दाखवायला आणलं होतं. सिंह दिसला तेव्हा ते मान डोलावून “बरो आसा” म्हणाले होते, एखाद्या नवरदेवाला म्हणावं तसं. हत्तींचे फोटो त्यांनी काढले, पण हात राखून. आई गेल्यावर घरातून बाहेर न पडणारा हा माणूस विमानात बसला तो फक्त या जिराफासाठी.

डिचोलीच्या बाजारात बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. गोवा राज्य झालं त्या वर्षी त्यांनी मागचा पडदा नवा करून घेतला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा बाबली तो रंगवायला आला. डोंगर, तळं, कमळं झाल्यावर आई म्हणाली, पोरांच्या फोटोसाठी एखादं जनावर हवं, गावात नसणारं. बाबलीने कॅलेंडरवरून जिराफ काढला. कॅलेंडरवर मान आणि तोंड तेवढंच होतं, त्यामुळे खालचं अंग त्याने मनाने रंगवलं आणि ते लांब पायांच्या गायीचं झालं. हा जिराफ तळ्याकाठी उभा राहिला.

आई पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बाबली, पाण्याकडे उभो केलंस, पण ह्यो पाणी पितलो कसो? पाय इतके लांब. मान थंयसर पोचतली?”

“वयनी, माका जिराफ सांगितल्यात, जिराफ दिलंय. तहान सांगूक नाय होती.”

सगळे हसले, पण आईचा प्रश्न सुटला नाही. कुणी पोराला घेऊन फोटोला आलं की ती पोराचे केस विंचरता विंचरता पडद्याकडे बघायची. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. मी सांगितलं, “पुढचे दोन पाय फाकवतो, मग मान खाली येते.” तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पुस्तकात काय, कायय लिवतत.” लग्न होऊन मी नैरोबीला निघाले तेव्हा साडीच्या घड्या घालताना ती बाबांना म्हणाली, “सेजू बोलवीत तेव्हा तुमी जावा. माका विमान सोसाचा नाय. तो पाणी पिताना फोटो काढून हाडा.”

मी बोलावलं तेव्हा बाबा आले नाहीत. लग्नाचा हंगाम आहे, मग चतुर्थी आहे, मग पासपोर्टचे फोटो. गल्फला जाणाऱ्या अर्ध्या तालुक्याचे चेहरे त्यांच्या कॅमेऱ्यातून गेले. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट मात्र आईच्या वर्षश्राद्धानंतर निघाला.

जिराफ पुन्हा एक पाऊल पुढे आला. बाबांनी बटण दाबलं, आणि फिल्म पुढे ओढताना कॅमेऱ्याची कळ अर्ध्यात अडली. रोल संपला होता.

“शीः!” ओंकार म्हणाला.

बाबा गडबडले नाहीत. जुना रोल मागे गुंडाळून त्यांनी मांडीवर कॅमेरा उघडला, तो काढला, नवा बसवला. त्यांची बोटं न बघता काम करत होती. तेवढ्यात जिराफाने पुढचा एक पाय बाहेर सरकवला. मग दुसरा. झटका देऊन आणखी थोडा. खांदे खाली आले, आणि ती एवढी मोठी मान पाण्यापर्यंत पोहोचली.

“बाबा, पितोय! काढा!”

बाबांनी कॅमेरा उचलला नाही. शर्टाच्या खिशातून त्यांनी मये गावच्या देवीची छोटी तसबीर काढली आणि गाडीच्या पुढच्या फळीवर टेकवून ठेवली.

“ओंकार, आगपेटी दी.”

“माझ्याकडे कुठली, बाबा?”

“दी रे. खिशात आसा. सिग्रेटीचो वास माका नैरोबीच्या विमानतळारच इलो.”

ओंकारने मान खाली घालून काडेपेटी दिली. बाबांनी काडी ओढली, तसबिरीसमोर धरली आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा डोळ्याला लावून पहिला फोटो काढला.

मग ते खिडकीकडे वळले. जिराफाने मान वर घेतली होती आणि पाय जुळवले होते. काडीचा उजेड त्याला इतक्या लांबून दिसला असेल असं मला वाटत नाही. त्याचं पिऊन झालं होतं, एवढंच.

“आधी तो काढायचा ना, बाबा!” माझा आवाज चढला. “देवी काय पळून जात होती?”

बाबा काडीचं जळकं टोक चिमटीत धरून बसले होते. “एकदा लग्नाच्या व्हरडाचो सगळो रोल कोरो इलो, तुका आठवता? तुझी आवस त्या दिसापासून दर रोलाक आधी दिवो लावी. पयलो फोटो देवीचो, मगे दुसऱ्यांचो. तिणा दिवो लावल्याशिवाय मी कधी रोल सुरू करूक नाय.”

मला आठवत होतं. तो रोल कोरा आला कारण फिल्मचं टोक रिळात अडकलंच नव्हतं. आई दिवा लावेपर्यंत बाबा कॅमेऱ्याची चावी फिरते की नाही, म्हणजे फिल्म सरकते की नाही, ते बघत राहायचे आणि त्यानंतर एकही रोल वाया गेला नाही. मी त्यांच्या चिमटीतली जळकी काडी काढून घेतली.

अंधारू लागेपर्यंत आम्ही थांबलो. जिराफ बाभळींत शिरला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशीही आलो. झेब्रे आले, रानडुकरं आली.

पुढच्या महिन्यात मी त्यांना पोहोचवायला डिचोलीला गेले. पणजीच्या लॅबमधून फोटो आले तेव्हा निम्मा बाजार स्टुडिओत होता. बाबलीने सिंह बघितला, हत्ती बघितले, आणि शेवटी विचारलं, “आणि पाणी पितलेलो खंय?”

“तो ऱ्हवलो,” बाबा म्हणाले.

“मगे माझोच बरो. ह्यो पडद्यावयलो खंयच जाणा नाय.”

बाबाही हसले.

संध्याकाळी चहाला बोलवायला मी खाली गेले. स्टुडिओचं दार लोटलेलं होतं. आत पडद्यासमोर बाबा एकटे उभे होते. समोरच्या भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो.

“एकदम नाय वाकणा गो तो,” ते सांगत होते. “वाकल्यार सिंव येता म्हणान आधी बघता. असो.”

त्यांनी मान उंच करून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दाराच्या फटीतली मी त्यांना दिसले नाही.

“मगे ह्यो पाय.” उजवा पाय त्यांनी बाहेर सरकवला. “मगे ह्यो.” डावा सरकवताना गुडघा कुरकुरला. त्यांनी स्टुलाचा आधार घेतला, मग तोही सोडला. झटका देऊन पाय आणखी थोडे फाकवले, आणि हळूहळू मान खाली नेली, अगदी फरशीकडे.

“असो पिता, बघ.”

आणि आईच्या फोटोसमोर ते तसेच वाकलेले राहिले.