आमदारांनी काय काढलं?

आमदारांचा दात चार दिवस ठणकत होता. भाषणांच्या गडबडीत त्यांनी त्याला दाद दिली नाही. पाचव्या दिवशी गाल टम्म फुगला, तेव्हा बायकोने त्यांना गाडीत घालून दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. ती निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्यापुढे विधानसभेतला वाघही गरीब गाय व्हायचा.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि नेमकं त्याच्या वरच्या मजल्यावर विरोधी पक्षाचं कार्यालय. त्या पक्षाच्या पेपरचा बातमीदार खाली जिन्याशी उभा होता. सरकार दोनच आमदारांच्या बहुमतावर तगलेलं. त्यामुळे सत्ताधारी पक्षाचे हे आमदार एकटेच जिना उतरताना दिसताच त्याला आकाश ठेंगणं झालं. बायको औषधं घ्यायला मागे राहिली होती.

"साहेब, वर काय केलंत?"

अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा. आमदार कसेबसे म्हणाले, "हाऽत काहला."

"हात काढला? सरकारच्या डोक्यावरचा?"

कधी एकदा घरी जातोय असं झालेल्या आमदारांनी नुसती मान हलवली.

तासाभरात बातमी झळकली : 'स्वाभिमानी आमदारांनी हात काढला!' हाच पेपर कालपर्यंत त्यांना 'झोपाळू आमदार' म्हणत होता. सरकारच्या बाजूच्या चॅनेलने आठवड्यापूर्वी त्यांचा 'विकासपुरुष' केला होता. त्याने आता पट्टी फिरवली, 'गद्दार!' खुद्द आमदारांना फोन करून विचारावं, असं दोघांपैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

घरी आमदार कागदावर भराभरा लिहीत होते, 'मी कुठेही गेलेलो नाही!' तेवढ्यात फोन वाजला. मुख्यमंत्री होते. फोन बायकोने घेतला.

"वहिनी, साहेब एवढे रागावलेत?"

"भाऊ, सकाळपासून एक शब्द धड बोललेले नाहीत."

"इतके दुखावलेत?"

"फार दुखतंय हो त्यांना."

आमदार जोरजोरात हातवारे करू लागले. तिने डोळे वटारले. ते बसले.

"अहो, पण त्यांना हवंय तरी काय?"

"त्यांचं मी काय सांगू? पण नदीवरच्या पुलाची फाइल चार वर्षं तुमच्याकडे पडून आहे. पावसाळ्यात पलीकडच्या मुलींची शाळा बुडते. माझ्या शाळेची निम्मी हजेरी त्यात जायची."

दिवस मावळायच्या आत पुलाला मंजुरी मिळाली.

'ही फसवणूक आहे,' आमदारांनी लिहिलं.

"मी एक तरी शब्द खोटा बोलले का? खोट्यासाठी तुमच्याकडे दोन्ही बाजूंची माणसं आहेत की."

दुसऱ्या दिवशी सूज उतरली. आमदारांनी पत्रकारांना बोलावून सरळ सांगितलं, "मी दात काढायला गेलो होतो." चॅनेलने म्हटलं, 'विकासपुरुष स्वगृही.' पेपरने छापलं, 'दबावापुढे लोटांगण.' डॉक्टरांनी दोघांनाही दाताचा एक्स-रे पाठवला होता. तो कुणीच दाखवला नाही.

महिन्याभराने मोजणीवाले नदीकाठी आले. मुख्याध्यापिकाबाई छत्री घेऊन तिथे हजर.

"पावसाळ्याआधी होईल ना?"

इंजिनियर टेप गुंडाळत म्हणाला, "बघू, मॅडम."

"बघू नका," बाई म्हणाल्या, "तारीख सांगा."